सरांच्या नावाने फंड करतोय. पदक नको, बीएस्सीच्या मुलांना रिसर्च प्रोजेक्टसाठी पैसे द्यायचेत. कसं करावं?

सडेकर

नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहितोय, ज्यांनी असलं काही केलंय त्यांनी वेळ काढून सांगा प्लीज.

आमचे बॉटनीचे सर गेल्या डिसेंबरात गेले. रत्नागिरी जिल्ह्यातलं तालुक्याच्या गावचं साधं अनुदानित कॉलेज, तिथेच सरांनी अख्खी नोकरी काढली, आणि त्यांच्या हाताखालून गेलेली मुलं आज कोणी फॉरेस्टमध्ये आहे, कोणी हायस्कूलला शिकवतंय, कोणी फार्मा कंपनीत क्यूसीला, दोघंतिघं पीएचडी करून बाहेर. सगळ्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, तिथे सरांच्या नावाने काहीतरी करूया असं निघालं आणि बघता बघता आठेक लाख जमले. काकू सरांच्या ग्रॅच्युइटीतले दोन लाख घालणार आहेत. म्हणजे दहा लाखांची ठेव धरून चाला.

आता ग्रुपवर दोन तट पडलेत. निम्म्यांचं म्हणणं, युनिव्हर्सिटीला पैसे देऊन टीवायबीएस्सी बॉटनीत पहिल्या येणाऱ्याला सरांच्या नावाने सुवर्णपदक ठेवायचं, सोपं आहे, नाव कायम राहतं, दरवर्षी पदवीदानात घेतलं जातं. मला आणि बाकीच्यांना ते पटत नाहीये. सरांनी कधी मार्कांवरून पोरगं तोललं नाही. पाऊस लागला की ते आम्हाला सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, न्यायचे, भिजलेल्या कातळावर गुडघे टेकून भिंगातून सीतेची आसवं दाखवायचे, ते इवलं जांभळं फूल आणि खाली मुळांच्या जागी किडे धरणारे फुगे, आणि मग विचारायचे, इथे माती नाही, खत नाही, हे झाड नायट्रोजन आणतं कुठून? उत्तर सांगायचे नाहीत, शोधून या म्हणायचे. असल्या माणसाच्या नावाने पहिल्या नंबराला पदक हे मनाला लागत नाही, कारण पहिला येणाऱ्याला ते असंही मिळणारच आहे काही ना काही.

दुसरीकडे परिस्थिती बघा. नवीन शैक्षणिक धोरणात (एनईपी) फील्ड प्रोजेक्ट आहे, रिसर्च प्रोजेक्ट आहे, चौथं वर्ष घेतलं तर ऑनर्स विथ रिसर्च आहे, पण त्यामागे पैसा कुठे आहे? मुलांकडे एसटीला पैसे नसतात, डिपार्टमेंटकडे केमिकलला नसतात, मग नेटवरून उतरवायचं, स्पायरल बाइंडिंग मारायचं आणि सबमिट करायचं. आमचं म्हणणं, व्याजातून दरवर्षी चारपाच मुलांना खरंखुरं काम करायला पैसे द्यावेत.

तर विचारायचं असं की ठेव कॉलेजच्या संस्थेकडे द्यावी, युनिव्हर्सिटीकडे द्यावी की आपला वेगळा ट्रस्ट काढावा? एका प्रोजेक्टला किती दिले म्हणजे उपयोग होतो? निवड कोणी करायची? आणि फक्त बॉटनीला ठेवावं की सगळ्या लाइफ सायन्सला? काकूंचं एवढंच म्हणणं आहे की पैसे पोरांच्या कामाला लागले पाहिजेत, बाकी तुम्ही ठरवा.

निवृत्त_झूवाला

सडेकर, तुमच्या सरांना मनापासून नमस्कार. मी झूऑलॉजी शिकवून रिटायर झालोय, दुसऱ्या जिल्ह्यात, पण कॉलेजं सगळीकडे सारखीच.

पदकाचा मोह टाळताय ते शंभर टक्के बरोबर. हुशार मुलाला बाहेर बऱ्याच वाटा आहेत हो. बारावीला बोर्डात वरच्या एक टक्क्यात आला तर केंद्राची इन्स्पायर स्कॉलरशिप आहे, वर्षाला ८० हजार, त्यातले २० हजार उन्हाळी प्रोजेक्टचे. तिन्ही सायन्स अकॅडमींची मिळून समर फेलोशिप आहे. बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू सेंटरचा बायोलॉजीसाठी वेगळा कार्यक्रम आहे, मुलाला लागोपाठ तीन उन्हाळे बोलावतात. मानखुर्दला होमी भाभा सेंटरचा डिग्रीच्या मुलांसाठी एनआययूएस कार्यक्रम आहे. पूर्वी केव्हीपीवाय शिष्यवृत्ती होती, ती २०२२ ला बंद करून इन्स्पायरमध्ये घातली. हे सगळं चांगलंच आहे, पण त्यात पोचणारा मुलगा आधीच कुठेतरी पोचलेला असतो. तुमच्या कॉलेजातली जी मुलगी ५८ टक्केवाली आहे, पण ओढ्यातल्या खेकड्यांकडे तासन् तास बघत बसते, तिच्यासाठी यातलं काही नाही. तुमचे दहा लाख तिच्यासाठी ठेवा.

आता अनुभवाचं सांगतो. एका संस्थेत माझ्या डोळ्यांसमोर असाच एक स्मृतिनिधी आला होता, समारंभ झाला, फोटो लागला, आणि चारपाच वर्षांनी विचारलं तर एफडीचं व्याज जनरल खात्यात जमा होतंय आणि त्यातून कंपाउंडची डागडुजी झालीय. कोणी खाल्लं नाही, पण मुलांना मिळालंही नाही, कारण देणगी देताना लेखी अट काही घातलेलीच नव्हती. म्हणून पैसे देण्याआधी कागद करा. त्यात व्याज कशाला वापरायचं, कशाला अजिबात नाही, वेगळं खातं, आणि दर वर्षी देणगीदारांना एक पानी हिशोब, हे यायला पाहिजे.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पैसे ॲडव्हान्स द्या. कॉलेजात सगळीकडे पद्धत अशी की मुलाने आधी खर्च करायचा, बिलं लावायची, मग अकाउंट सेक्शन पास करणार. मार्चएंडला अडकलं की पोरगं पास होऊन गेलं तरी पैसे नाहीत. ज्याच्या घरी बाराशे रुपये पडून नाहीत तो असल्या फंडाला अर्जच करणार नाही. निम्मे आधी द्या, मधे एकदा वही बघून उरलेले द्या. आणि जीपवाला, होडीवाला, वाट दाखवणारा गावातला माणूस हे जीएसटीचं बिल देत नाहीत, त्यांच्यासाठी साध्या व्हाउचरवर सही चालेल असं आधीच लिहून घ्या.

निवड तिघांनी करावी. एक कॉलेजातले शिक्षक, एक बाहेरच्या कॉलेजातले किंवा संशोधन संस्थेतले, एक तुमच्यातला माजी विद्यार्थी. प्राचार्यांना ठेवायचं तर पदसिद्ध ठेवा, नावाने नको, माणसं बदलतात. आणि चांगला अर्ज आला नाही तर त्या वर्षी देऊ नका, मुद्दलात टाका. द्यायचेच म्हणून दिलेले पैसे पुन्हा त्या स्पायरल बाइंडिंगलाच जातात.

हिशोबनीस

मी सीए आहे, शिक्षण संस्थांची ऑडिटं करतो, त्यामुळे पैशाच्या बाजूचं सांगतो.

वेगळा ट्रस्ट काढू नका. दहा लाखांसाठी परवडत नाही. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, मग आयकराची नोंदणी, ती नव्या ट्रस्टला आधी तीन वर्षांसाठी प्रोव्हिजनल मिळते आणि नंतर पुन्हा अर्ज, दरवर्षी ऑडिट, विश्वस्त बदलला की चेंज रिपोर्ट. पहिली तीन वर्षं उत्साह असतो, नंतर एकाच माणसाच्या गळ्यात पडतं आणि तो कंटाळतो. कॉलेजच्या संस्थेला ८०जी (देणगीदाराला आयकरात सवलत मिळवून देणारी नोंदणी) असेलच बहुतेक, विचारून घ्या, आणि देणगी त्यांच्याकडेच कॉर्पस म्हणून द्या.

कॉर्पस हा शब्द पत्रात आलाच पाहिजे. देणगीदाराने लेखी सांगितलं की ही रक्कम कायमस्वरूपी ठेव आहे, मुद्दल खर्च करायचं नाही, फक्त उत्पन्न अमुक कामाला, तरच ती तशी धरली जाते. प्रत्येकाने स्वतःच्या सहीने असं पत्र द्यावं. ग्रुपमधल्या एकाच्या खात्यात सगळ्यांचे पैसे गोळा करून एक चेक दिलात तर बाकीच्यांना पावती मिळणार नाही, हे आत्ताच थांबवा. ८०जीची सवलत निम्म्या रकमेवर, तीही जुन्या करपद्धतीत असणाऱ्यांनाच, आणि दोन हजारांच्या वर रोख दिलेलं धरत नाहीत. यूपीआय, चेक काहीही चालेल, पॅन द्या, संस्थेकडून १०बीई सर्टिफिकेट मागून घ्या.

परदेशातल्या मित्रांचं नीट बघा. भारतीय पासपोर्ट असेल तर तो अमेरिकेत राहत असला तरी त्याची देणगी परकीय धरत नाहीत. पण ज्याने तिकडचं नागरिकत्व घेतलंय, ओसीआय कार्डवाला असला तरी, त्याचा पैसा एफसीआरएत, म्हणजे परकीय देणग्यांच्या कायद्यात, येतो. संस्थेला एफसीआरए नोंदणी (किंवा पूर्वपरवानगी) आणि दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मेन ब्रँचला त्यासाठीचं खातं नसेल तर एक रुपयाही घेता येत नाही. भावाच्या खात्यातून पाठवतो वगैरे करू नका, संस्था गोत्यात येईल.

आणि ठेव कुठे? गावच्या पतसंस्थेत अर्धा टक्का जास्त मिळतो म्हणून ठेवायचा आग्रह होईल, संचालक ओळखीचे असतात. नको. पतसंस्थेतल्या ठेवीला डिपॉझिट इन्शुरन्स नाही. बँकेतही विम्याचं संरक्षण एका बँकेत मुद्दल-व्याज मिळून पाच लाखांपर्यंतच आहे, म्हणून तीन बँकांत विभागून ठेवा.

आकडा असा बसतो. साडेसहा टक्के धरले तर वर्षाला ६५ हजार. सगळे वाटलेत तर दहाबारा वर्षांत त्या ६५ हजारांत आजच्यापेक्षा बरंच कमी काम होईल, महागाई आहे. त्यामुळे १५ हजार दरवर्षी मुद्दलात परत टाका आणि ५० हजार वाटा. चार प्रोजेक्ट, बारा बारा हजारांचे, वरचे दोन हजार झेरॉक्स-पोस्टर.

उंबरमाशी

सडेकर दादा, मी हे स्वतः घेतलेली मुलगी आहे म्हणून लिहिते. एसवायला असताना आमच्या कॉलेजात एका माजी प्राध्यापकांच्या नावाने अशीच छोटी मदत होती, त्यातून मला नऊ हजार मिळाले होते. आज पीएचडी करतेय आणि त्याचं मूळ त्या नऊ हजारांत आहे.

माझा प्रोजेक्ट उंबरावर होता. उंबराच्या आत फुलं असतात आणि त्याचं परागीभवन करणारी एक बारीक गांधीलमाशी असते, मादी वरच्या छोट्या भोकातून आत घुसते, घुसताना तिचे पंख तुटतात, आत ती फुलांना पराग देते, अंडी घालते आणि तिथेच मरते. पुढच्या पिढीतले नर बिनपंखांचे, ते भिंत पोखरून बाहेरची वाट करतात आणि पराग घेतलेल्या माद्या त्या वाटेने उडून जातात. पण उंबरात फक्त ह्याच माश्या नसतात, दुसऱ्याही असतात ज्या बाहेरूनच अंडी घालायची लांबलचक नळी खुपसून अंडी घालतात आणि झाडाला काही देत नाहीत. मला बघायचं होतं की हायवेकडेच्या उंबरात आणि नदीकाठच्या उंबरात ह्या दोन्हींचं प्रमाण वेगळं असतं का.

खर्च काय तर मलमलच्या पिशव्या, ज्या पिकत आलेल्या उंबरांवर बांधायच्या म्हणजे बाहेर येणाऱ्या सगळ्या माश्या आत अडकतात, काचेच्या छोट्या बाटल्या, अल्कोहोल, एक चांगलं हॅंडलेन्स, शिडी न्यायला टेम्पोवाल्याला द्यायचे पैसे आणि एसटी. बस. कॉलेजचा डिसेक्टिंग मायक्रोस्कोप होताच, तो कपाटातून बाहेर काढायला मिळाला हीच मोठी गोष्ट. पहाटे पिशवी सोडून बाटलीत झटकायची, मग दुपारभर मायक्रोस्कोपखाली एक एक माशी सुईने बाजूला करायची, नळी लांब की आखूड, पंख आहेत की नाहीत, वहीत रेघा मारत जायच्या. पहिल्या उंबरातून शेकड्याने माश्या निघाल्या तेव्हा मी आणि माझी मैत्रीण दोघी गप्पच झालो, एवढंसं फळ आणि आत केवढी वस्ती.

शेवटी फरक सापडला नाही. झाडाझाडांतच एवढा फरक होता की हायवे आणि नदी असं काही म्हणता येईना. मॅडम म्हणाल्या तेच लिही, आणि झाडं कमी पडली हेही लिही. म्हणून एक विनंती, तुमच्या फंडाच्या कागदात लिहाच की निष्कर्ष काही न निघाला तरी चालेल, वही नीट पाहिजे. नाहीतर मुलं घाबरून आकडे जुळवतात.

अजून तीन गोष्टी. अर्ज मराठीत चालेल असं ठळक लिहा, आमच्यातली निम्मी मुलं इंग्रजीत अर्ज लिहायचा म्हणूनच मागे राहतात, प्रश्न त्यांच्याकडे चांगले असतात. टक्केवारीची अट नको. आणि टीवायला नको, एसवायला द्या, टीवायला मुलांचं लक्ष एंट्रन्सकडे असतं, आणि एसवायला सुरू केलेलं काम टीवायला पुढे नेता येतं, आविष्कारला, म्हणजे विद्यापीठांच्या संशोधन स्पर्धेला, मांडता येतं. आविष्कारला यूजीची वेगळी पातळी आहे, तिथे पीजीवाल्यांशी झुंजावं लागत नाही.

मायक्रोवाला

उंबरमाशीताईंचं सगळं मान्य, फक्त बारा हजारांत मायक्रोबायोलॉजी किंवा मॉलिक्युलर बसवताना जपून. पाचशे ग्रॅमचा न्यूट्रिएंट अगरचा डबा आणि पेट्री प्लेट्स घेतल्या की हजारो रुपये तिथेच गेले. डीएनए किट तर विचारूच नका. त्यामुळे असल्या प्रोजेक्टला फंडाने मीडिया (जंतू वाढवायचं खाद्य) विकत घेऊन डिपार्टमेंटला द्यावा, दोनतीन मुलांत वाटून वापरावा, आणि डीएनए सिक्वेन्सिंग लागलंच तर शेवटी निवडक दोनचार सॅम्पलचंच, बाहेरून करून घ्यावं. मुलं उत्साहात वीस सॅम्पल लिहून देतात.

आणि आजारी माणसाचे सॅम्पल, हॉस्पिटलचा कचरा, असल्या कल्पनांना सरळ नाही म्हणा. कॉलेजच्या लॅबमध्ये तसली सुरक्षितता नसते. दही, ताकातले लॅक्टोबॅसिलस, मातीतले फॉस्फेट विरघळवणारे जंतू, विहिरीच्या पाण्याची कॉलिफॉर्म टेस्ट यात खूप काही करता येतं. विहिरीच्या पाण्याचं काम तर ग्रामपंचायतीलाही उपयोगी.

न्यूजर्सीकर

मी मूळचा संगमेश्वरचा, इकडे युनिव्हर्सिटीत बायोलॉजी डिपार्टमेंटला आहे. इकडे असे स्मृतिनिधी भरपूर आहेत, गेलेल्या प्राध्यापकाच्या, कधी गेलेल्या विद्यार्थ्याच्या नावाने, आणि बहुतेक ठिकाणी ते उन्हाळ्यात काम करणाऱ्या मुलाला स्टायपेंड देतात. सामानाला वेगळे, मुलाच्या हातात वेगळे. अमेरिकन सरकारचा डिग्रीच्या मुलांना संशोधन करू देणारा आरईयू कार्यक्रम १९८७ पासून याच पद्धतीने चालतो. कारण साधं आहे, मुलगा लॅबमध्ये बसला तर त्याची उन्हाळ्याची नोकरी बुडते, मग फक्त ज्यांच्या घरी आहे तेच रिसर्च करतात.

तुम्ही म्हणाल कोकणात कुठे समर जॉब. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडची मुलं आंब्याच्या पेट्या भरायला, खळ्यावर, हॉटेलात, रिक्षावर कामाला जातात की नाही? त्यातून पुढच्या वर्षाची फी निघते. त्या मुलाला तुम्ही म्हणालात मे महिन्यात सड्यावरच्या सुकलेल्या कुंडातली (पावसाचं पाणी साठणाऱ्या खळग्यातली) माती गोळा कर, तर त्याची मजुरी कोण देणार? म्हणून बारा हजारांतले तीनचार हजार मुलाच्या खात्यात, त्याच्या कष्टाचे म्हणून, बिल न मागता द्या. याला विरोध होईल, मुलं पैशासाठी येतील म्हणतील. येऊ देत, काम करतील ना.

फक्त बॉटनीला ठेवावं का विचारलंत. लंडनच्या लिनियन सोसायटीकडे एक फार जुना निधी आहे, पर्सी स्लेडन यांच्या नावाचा. हे गृहस्थ तारामासे आणि त्यांच्या कुळातल्या प्राण्यांचे अभ्यासक, १९०० साली गेले. त्यांच्या पत्नी कॉन्स्टन्स यांनी १९०४ ला स्वतःचे पैसे घालून निधी उभा केला. पण फक्त तारामाशांनाच द्या असं बांधून ठेवलं नाही. त्याच निधीतून १९०५ ला हिंदी महासागरातल्या बेटांची मोहीम झाली, १९३७ ला दक्षिण अमेरिकेत टिटिकाका सरोवराची झाली, आणि तो आजही फील्डवर्कला पैसे देतो. तो डिग्रीच्या मुलांसाठी नाही, पण बाईंनी दाखवलेला मोकळेपणा घेण्यासारखा आहे. उद्या तुमच्या कॉलेजात बॉटनीला मुलंच आली नाहीत तर? आणि नंतर उद्देश बदलणं म्हणजे कायद्याची मोठी खटपट. जीवशास्त्राचा कोणताही विषय, शक्यतो कोकणातल्या निसर्गाशी संबंधित, एवढंच लिहा.

आपल्याकडचंही उदाहरण आहे. कोइमतूरच्या सॅकॉन या पक्षी-अभ्यासाच्या संस्थेचे डायरेक्टर रवि शंकरन, निकोबारची मेगापोड, अंदमानच्या पाकोळ्या, तणमोर यांच्यावर ज्यांनी आयुष्य घातलं, ते २००९ च्या जानेवारीत अचानक गेले. त्यांच्या नावाने इनलॅक्स फाउंडेशनने कार्यक्रम सुरू केला, त्यात बाहेर शिकायला स्कॉलरशिप तर ठेवलीच पण छोट्या फील्ड प्रोजेक्टला लहान ग्रँटसुद्धा ठेवली. तरुण मुलाला सुरुवातीलाच, थोडेच पैसे, पण जंगलात जायला. तोच विचार तुम्ही कॉलेजच्या पातळीवर करताय.

पावसाळी_भटका

पैशाचं झालं, फील्डचं कोणी बोललं नाही म्हणून.

एक, वेळापत्रक. सड्यावरचा सगळा खेळ जून ते सप्टेंबर. पहिल्या पावसाबरोबर डिपकॅडी कोंकणेन्सची पांढरी फुलं येतात, ही वनस्पती मुख्यतः कोकणातल्या सड्यांवर सापडते, मग गेंद, सीतेची आसवं, दवबिंदू, आणि कुंडांत फेअरी श्रिंप, कोळंबीसारखे इवले जीव, ज्यांची अंडी वर्षभर सुकून पडलेली असतात आणि पाणी आलं की फुटतात. कॉलेजचं वर्ष जूनला सुरू होणार, कमिटी ऑगस्टला बसणार, पैसे दिवाळीनंतर मिळणार, तोवर सड्यावर गवत वाळलेलं. म्हणून निवड मार्चमध्ये एफवायच्या मुलांतून करा, पैसे मेअखेर हातात. हे नाही केलंत तर बाकीच्या सगळ्या नियमांचा उपयोग नाही.

दोन, परवानग्या. रत्नागिरीत बहुतेक सडे खाजगी किंवा गावाच्या सामाईक मालकीचे, तेव्हा गावात जाऊन विचारा, गुराखी आणि जुनी माणसं फार मदत करतात. अभयारण्यात जायचं तर वनखात्याची लेखी परवानगी हवी. प्राणी पकडायचे असतील तर १९७२ चा वन्यजीव कायदा बघा, २०२२ च्या दुरुस्तीत शेड्यूल बदललेत, जुन्या पुस्तकावर जाऊ नका. मुलांना बघणं, मोजणं, फोटो यावरच ठेवा, बीएस्सीला तेवढं पुरतं. आणि दुर्मिळ कंदील पुष्प, ऑर्किड सापडलं तर रिपोर्टमध्ये नेमकी जागा छापू नका, कंद उपटून नेणारे वाचतात.

तीन, दोघांच्या जोडीशिवाय फील्डला सोडू नका, मुलींच्या घरी शिक्षकांनी स्वतः फोन करावा, आणि सापाच्या विषावरचं इंजेक्शन कोणत्या सरकारी दवाखान्यात आहे ते प्रत्येकाच्या वहीच्या पहिल्या पानावर असू द्या.

चार, जमा केलेले नमुने कपाटात सडू देऊ नका. चांगलं हर्बेरियम शीट (वाळवून कागदावर लावलेली वनस्पती) असेल तर पुण्याला बोटॅनिकल सर्व्हेच्या पश्चिम विभागात किंवा आघारकर संस्थेत विचारा.

सडेकर

सगळ्यांचे खूप खूप आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. सगळा धागा ग्रुपवर टाकला. पदकवाल्यांपैकी दोघांनी उंबरमाशीताईंची पोस्ट वाचून फोन केला आणि मत बदललं. एकजण अजून अडून आहे, त्याचं म्हणणं नाव कुठे दिसणार. त्याला सांगितलं, मुलांच्या प्रत्येक पोस्टरवर आणि रिपोर्टवर सरांचं नाव येईल.

पावसाळी_भटका, तुमचं मार्चचं सगळ्यात पटलं, आमच्या डोक्यात ऑगस्टच होता.

अजून एक सांगायचं राहिलं होतं. सरांच्या डायऱ्या आहेत, काकूंनी काढून ठेवल्यात. पावसाळ्यात दर रविवारी सड्यावर काय फुललं त्याची नोंद, १९८७ पासूनच्या सलग नाहीत पण बऱ्याच आहेत. अशा ओळी, "मोठं कुंड, पाणी घोट्याइतकं, आसवं आली, गेंद अजून नाही, पाऊस आठवडाभर उघडलेला." एवढं जुनं लिहून ठेवलेलं फंडात कसं आणावं? की ते वेगळं ठेवावं?

उंबरमाशी

दादा, अजिबात वेगळं ठेवू नका! चारातला एक प्रोजेक्ट दरवर्षी याचाच ठेवा. त्याच सड्यावर, तीच कुंडं, दर रविवारी, तसंच लिहायचं. एका वर्षाचं काम लहान दिसतं पण पुढचा एसवायवाला पुढे चालवतो, वही पुढच्याच्या हातात देतो. पाऊस उशिरा आला तर फुलोरा किती सरकतो हे बघायला असली जुनी नोंद फार कमी जणांकडे असते. आधी सगळ्या पानांचे फोटो काढून दोन ठिकाणी ठेवा, कागद कोकणातल्या दमटपणात टिकत नाही. अक्षर लागायला काकूंना बरोबर घ्या. पहिल्या वर्षी फक्त टायपिंगचाच प्रोजेक्ट द्या हवं तर, पण ज्या मुलाला द्याल त्याने प्रत्येक जागा सड्यावर जाऊन ओळखली पाहिजे, मोठं कुंड नक्की कुठलं ते गावातल्या कोणाला तरी माहीत असेल.

निवृत्त_झूवाला

हिला दुजोरा. आणि जागा ओळखायला तुमच्यातलेच जुने विद्यार्थी जा, सरांबरोबर गेलेले, पुढच्या पावसाच्या आत. तुमच्याशिवाय कोणाला सांगता येणार नाही. जीपीएस घ्या, फोटो घ्या, कातळावर रंगाची खूण मात्र करू नका.

हिशोबनीस

डायऱ्यांची मालकी काकूंकडेच राहू द्या, संस्थेला स्कॅन द्या, वापरायची लेखी परवानगी द्या. मूळ वह्या कॉलेजच्या लायब्ररीत दिल्यात तर त्याची वेगळी पोच घ्या, फंडाच्या पत्रात मिसळू नका.

पत्राचा मसुदा मी करून देतो. त्यात पाच गोष्टी घालतोय, मुद्दल अबाधित, व्याजातले १५ हजार परत मुद्दलात, उरलेलं फक्त पदवीच्या मुलांच्या जीवशास्त्रातल्या कामाला, निम्मी रक्कम ३१ मेच्या आत ॲडव्हान्स, आणि एका वर्षी वाटलं नाही तर ते पुढच्या वर्षी वाढवून वाटता येईल. संस्थेच्या सचिवांशी बोलण्याआधी त्यांच्या ८०जीची मुदत कधीपर्यंत आहे तेवढं विचारून इथे टाका, त्यावरून देणगी याच आर्थिक वर्षात घ्यायची की एप्रिलनंतर ते ठरवू.